सोजराबाईची वाळू

वाळू हातात घेतली की सोजराबाई ती मुठीत दाबून कानाशी न्यायची. चांगली वाळू करकरते, मातकट वाळू गप्प राहते, असं तिचं म्हणणं. बाळापूरच्या बौद्धवाड्यातल्या बायका हसायच्या. "वाळू काय बोलती का गं तुझ्यासंगं?" सोजराबाई म्हणायची, "बोलती. फक्त खोटं बोलत न्हाई."

ही पारख तिला सिद्धेश्वरला मिळाली होती. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच ती आणि तिचा नवरा संतराम पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाच्या कामावर गेले. संतरामला माती वाहायला लावलं आणि सोजराबाईला चाळण्यांवर. तीन चाळण्या होत्या. एकीतून नुसती वाळू पडायची, दुसरीतून बारीक खडी, तिसरीतून सुपारीएवढी. दिवसभर चाळायचं, तीन ढीग वेगळे लावायचे. धूळ नाकातोंडात जायची, हाताला घट्टे पडायचे आणि मुकादम एवढ्यातेवढ्यावरून ओरडायचा. असं का करायचं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा तिनं घाईत दोन ढीग एक केले, तेव्हा एक तरुण साहेब जवळ येऊन उभा राहिला. आता बोलणी बसणार म्हणून तिनं मान खाली घातली. पण साहेब तिथंच उकिडवा बसला आणि काडीनं जमिनीवर भिंत काढून म्हणाला, "बाई, ही मातीची भिंत आहे. हिच्यातून पाणी पाझरणारच. त्याला अडवायचं नाही, वाट द्यायची. पण पाण्यासोबत माती निघाली की धरण गेलं. तुमची वाळू पाण्याला जाऊ देते आणि मातीला धरून ठेवते. म्हणून दाण्याला दाणा सारखा पाहिजे."

त्या दिवसापासून सोजराबाईनं ढीग कधी मिसळले नाहीत. आपण नुसते दगड चाळत नाही, एवढ्या मोठ्या पाण्याला वाट करून देतोय, हे कळल्यावर तिचे हात वेगळेच चालायला लागले.

धरण झालं, माणसं पांगली. संतराम वारंगा फाट्यावर हमालीला लागला. सोजराबाई बाळापूरजवळ अमृतरावांच्या मळ्यात झाडलोटीला आणि निंदणीला जायला लागली. अमृतराव मोठे बागायतदार. विहिरीत मुटका मारावा तो त्यांनीच, असं गावात म्हणत. पण त्र्याहत्तर साली त्यांची जीप फाट्याजवळ उलटली आणि डावा खुबा निकामी झाला. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज छातीएवढ्या पाण्यात अर्धा तास चाला, पाण्यात अंग हलकं होतं, पाय वळण घेईल. विहिरीत तर चालता येत नाही. मग अमृतरावांनी घरामागं हौदच बांधून घेतला. लांबीला पंधरा हात, खाली शहाबादी फरशी, उतरायला पायऱ्या. शेजारी गळ्याएवढ्या उंचीची लोखंडी टाकी, तिच्यात वाळू. मोटारीनं हौदातलं पाणी ओढायचं, टाकीत वरून सोडायचं, वाळूतून गाळून पुन्हा हौदात. नांदेडचा मिस्त्री त्याला फिल्टर म्हणायचा, म्हणून सगळे फिल्टर म्हणायला लागले. बघायला पंचक्रोशीतली माणसं येऊन गेली.

सोजराबाई हौदाभोवतालची फरशी झाडायची. पाण्याला हात लावू नको असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. शिंपायला पाणी लागलं तर गडी बादलीनं ओतायचा आणि ती खराट्यानं पसरायची. एवढा स्वच्छ, एवढा निळा हौद, आणि आपल्या बौद्धवाड्यातल्या विहिरीवर रहाटाला दोर नाही. असला विचार तिच्या मनात यायचा, पण ती तो खराट्याच्या पुढं पुढं ढकलत न्यायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात हौद हिरवा पडायला लागला. मिस्त्री आला, तुरटी टाकली, पांढरी पूड टाकली, निघून गेला. चार दिवसांत पुन्हा हिरवं. पाण्याला बुळबुळीतपणा आला, पायऱ्यांवरून अमृतराव दोनदा घसरता घसरता वाचले. मिस्त्रीला निरोपावर निरोप गेले. शेवटी उत्तर आलं की फिल्टर बाद झालाय, नवा मुंबईहून मागवावा लागेल, दोन-तीन महिने धरा. अमृतराव बाजेवर पडून राहायला लागले. पाण्यातलं चालणं थांबलं तसा पाय पुन्हा आखडला. त्यांची बायको पद्माबाई त्यांच्या पायाला तेल चोळत बसायची.

एके सकाळी झाडता झाडता सोजराबाईची नजर हौदात गेली. टाकीतून पाणी जिथं परत हौदात पडतं, त्या नळाच्या तोंडाखाली तळाशी काहीतरी साचलं होतं, मुंग्यांच्या वारुळासारखं. तिनं वाकून पाहिलं. खराट्याची काडी बुडवून ते उकरलं, काडीला चिकटलेले दाणे बोटावर घेतले आणि तशीच ओसरीपुढं जाऊन उभी राहिली.

"मालक, टाकीच्या पोटात जाळी फाटली हाय."

अमृतराव बाजेवरून म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?"

"टाकीतली वाळू हौदात येऊन राहिली. वाळू खाली धरायला काहीतरी असंल ना? तेच फाटलं असंल. वाळू निसटती, तिथून पाणी बी न गाळता निसटतं."

"मिस्त्री एवढा शिकलेला, त्याला दिसलं न्हाई?"

"त्यानं हौदात पाहिलंच न्हाई. वरूनच पूड टाकून गेला."

अमृतराव उठून बसले. त्यांनी तिला पहिल्यांदाच नीट विचारलं की हे तुला कुठून ठाऊक. सोजराबाईनं सिद्धेश्वरचं सगळं सांगितलं, तीन चाळण्या, तीन ढीग, साहेबानं जमिनीवर काढलेली भिंत. ऐकता ऐकता त्यांनी काठी ओढली. "चल, खोलूच आपण. टाकी तशी बी पडून हाय."

पद्माबाई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "अहो, पण तिचा हात... त्या पाण्यात तुमी उतरणार."

सोजराबाईनं ऐकलं. खाली बघत उभी राहिली.

अमृतराव म्हणाले, "मिस्त्री कोण कुठला, विचारलं का कधी आपण? आणि मला चालायचं हाय, पद्मा." त्यात मोठं मन होतं असं नाही. पाय होता. सोजराबाईला ते कळलं, आणि तिला ते बरंही वाटलं. गरजेचं बोलणं सरळ असतं, उपकारासारखं वाकडं नसतं.

झाकणाचे नट गंजले होते. रॉकेल टाकून रात्रभर मुरू दिलं. सकाळी स्टुलावर बसून अमृतरावांनी पाना लावला. पायात जोर नसला तरी दंडात होता. एकेक नट कुरकुरत सुटला. सोजराबाईनं घमेल्यानं वाळू काढायला सुरुवात केली आणि दोन वीत खाली गेल्यावर थांबली. वाळू सुटी नव्हती. तिची ढेकळं झाली होती, चिवट, हिरवट. तिनं एक ढेकूळ फोडून नाकाशी धरलं.

"मालक, पाण्यात उतरायच्या आधी तेल लावता तुमी?"

"डॉक्टरांनी मालिश सांगितलंय. पद्मा लावते."

"मग तेच तेल हितं येऊन बसलंय. वाळू तेलकट झाली, तिचा लगदा झाला. पाणी मधून जाईना, कडंकडंनं पळून राहिलं. आता तेल चालून आल्यावर लावा."

पद्माबाईचा चेहरा उतरला. वर्षभर जिव्हाळ्यानं चोळलेलं तेल हौद खराब करत होतं, हे तिला सोसवेना. सोजराबाई चटकन म्हणाली, "तुमी पायासाठी केलं बाईसाहेब. वाळूला काय कळतंय?"

तळाचा नळ काढायला टाकीत उतरावं लागणार होतं. गडी जाडा, अमृतरावांना उतरता येईना. सोजराबाईनं पदर खोचला आणि आत उतरली. लोखंड चटके देत होतं, आत अंधार आणि कुबट वास. वाकून तिनं हातानं चाचपलं. भोकांचा नळ होता, त्याच्यावर पितळेची बारीक जाळी गुंडाळलेली, आणि ती एका अंगानं उभी फाटलेली. त्या अंधारात तिला वाटलं, या घरात आपण कधी उंबऱ्याच्या आत गेलो नाही, आणि आज यांच्या पाण्याच्या पोटात उभे आहोत. तिला हसू आलं. वरून अमृतराव ओरडले, "काय झालं?" ती म्हणाली, "सापडलं."

वाळू धुवायला दोन दिवस गेले. चुलाणावर पाणी तापवलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला, वाळू घोळली, खळखळली, पुन्हा साध्या पाण्यात. जी ढेकळं सुटेनात ती फेकून दिली. कमी पडलेली वाळू आणायला ती गाडीवानाबरोबर कयाधूच्या पात्रात गेली आणि तीन ठिकाणची वाळू नापास करून चौथ्या ठिकाणची भरली. घरी आणून ती चाळली, खडी वेगळी, बारीक वेगळी. हे सगळं अमृतराव स्टुलावर बसून बघत होते. मधेच म्हणाले, "अगं, एवढं काहून? वाळू ती वाळू." सोजराबाई चाळतच राहिली.

जाळीला मात्र ती चुकली. पितळी जाळी बाळापुरात मिळेना, म्हणून तिनं पद्माबाईच्या जुन्या लुगड्याचा कपडा दुहेरी करून नळाला गुंडाळला आणि तारेनं आवळला. खाली सुपारीएवढी खडी, मग बारीक खडी, वर वाळू, झाकण बंद. मोटार सुरू केली. पहिला दिवस पाणी छान आलं. अमृतराव लेकरासारखे खूश झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी धार करंगळीएवढी झाली, मोटार तापून जळका वास यायला लागला आणि गड्यानं पळत जाऊन बटण बंद केलं.

अमृतराव चिडले. "बाईमाणसाच्या नादाला लागलो. मोटार बी जाती का काय आता!"

सोजराबाई खराटा भिंतीला टेकवून घरी आली. संध्याकाळी संतराम फाट्यावरून आला, तिचा चेहरा बघून त्यानं विचारलं. सगळं ऐकल्यावर म्हणाला, "सोड ना. त्यांचा हौद, त्यांची टाकी. चांगलं झालं असतं तर त्यांचं, वाईट झालं तर तुझं. असंच असतं."

"ते खरं हाय," सोजराबाई म्हणाली. "पण चूक माझीच हाय. कपडा सगळंच धरून ठेवतो, वाट देतच न्हाई. मला ठाऊक होतं. जाळी भेटंना म्हणून मी मनाची समजूत घातली."

"मग काय करणार?"

"तेच कळून न्हाई राहिलं."

सकाळी ती मळ्यात गेली ती बोलणी खायच्या तयारीनं. अमृतराव अजून उठले नव्हते. ओसरीवर पद्माबाई रवा चाळत बसली होती. सोजराबाई अंगणात उभी राहून चाळणीकडं बघत राहिली. पितळी चाळणी, घट्ट विणीची, रवा सरसर खाली पडत होता आणि कोंडा वर राहत होता. ती इतका वेळ बघत राहिली की पद्माबाईनं हात थांबवला.

"काय गं?"

"बाईसाहेब, ही जाळी..." स्वयंपाकघरातली वस्तू. मागायची कशी?

पद्माबाईनं चाळणीकडं पाहिलं, मग हौदाकडं. तिनं चाळणी उलटी करून कोंडा झटकला, आत गेली आणि दुसरी, मोठी चाळणीही घेऊन आली. "एक पुरणार न्हाई," ती म्हणाली.

गड्यानं झाकण खोललं, सोजराबाईनं वाळू उपसून तळाचा नळ पुन्हा बाहेर काढला. दोन्ही चाळण्यांची जाळी कडेवरून सोडवली. ती नळाभोवती ताणून बसवायची आणि जोड शिवायचा तर बारीक तांब्याची तार आणि सुईचा हात पाहिजे. सोजराबाईच्या बोटांना घट्टे होते, तार सारखी निसटायची. पद्माबाई थोडा वेळ बघत राहिली, मग ओसरीवरून खाली उतरली आणि समोर येऊन बसली. "धर तू घट्ट. मी टाके घालते." सोजराबाईनं नळ मांडीवर आडवा धरला. पद्माबाईनं एकेक टाका घातला, गोधडीला घालावा तसा, जवळ जवळ. तार ओढताना दोघींची बोटं एकमेकींना लागत होती. पहिल्यांदा लागली तेव्हा दोघी थांबल्या. मग थांबणं राहून गेलं, कारण जोड पुरा करायचा होता.

अमृतराव काठी टेकत आले, त्यांनी ते पाहिलं आणि पाना शोधायला लागले.

या खेपेला सोजराबाईनं घाई केली नाही. पहिल्या तासाचं पाणी हौदात सोडू दिलं नाही, ते केळीच्या बागेत काढलं. गढूळ येत होतं तोवर काढत राहिली. मग हळूहळू धार काचेसारखी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी हौदाच्या तळाच्या फरशीचे सांधे वरून मोजता येत होते. अमृतराव पायऱ्यांवरून उतरले, कठड्याला धरून चालायला लागले, एक फेरी, दोन फेऱ्या. पद्माबाई तेलाची वाटी बाजूला ठेवून काठावर बसून होती. सोजराबाई तिकडं न बघता फरशी झाडत होती. पण तिचा खराटा त्या दिवशी एकाच जागी बराच वेळ फिरत होता.

ते पाणी पुढं चांगलंच राहिलं. दर दोन महिन्यांनी वाळू खालून वर सोडलेल्या उलट्या पाण्यानं धुवायची, वर्षातून एकदा काढून घोळायची, हे काम सोजराबाईकडं आलं. अमृतरावांचा पाय पूर्ण बरा झाला नाही, पण ते काठीवर चालायला लागले, बांधापर्यंत जाऊ लागले. गावात ते सांगायचे, "आमी फिल्टर घरीच दुरुस्त केला." 'आमी' म्हणताना त्यांच्या डोळ्यांपुढं कोण कोण यायचं, ते त्यांनाच ठाऊक. सोजराबाईनं ते ऐकलं होतं. तिला थोडं लागलं. मग ती स्वतःशीच म्हणाली, धरणावर तरी कुणाचं नाव आहे?

सत्याहत्तरच्या पावसाळ्यात बौद्धवाड्याच्या विहिरीत नाल्याचं पाणी शिरलं. विहीर चहाच्या रंगाची झाली. लेकरांना हगवण लागली, दोघांना कळमनुरीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. बायका फडकं धरून पाणी गाळत होत्या, तरी हंड्याच्या तळाशी बोटभर गाळ बसायचा. सोजराबाईनं संतरामला सांगितलं, फाट्यावरून दोन रिकामी पिंपं आण. त्यानं ट्रकवाल्यांकडून गोडेतेलाची दोन पिंपं मिळवली. तिनं ती वाळल्या पाल्याचा जाळ करून आतून भाजली, सोड्यानं घासली, बुडाला भोकं पाडली. कयाधूची वाळू यायला नाल्यावरून गाडीला वाट नव्हती, म्हणून तिनं वाड्यातल्या चौघीजणींना घेतलं आणि डोक्यावरून आणली. चाळायला बसवलं तेव्हा त्या कुरकुरल्या. एक म्हणाली, "मिसळली थोडी तर काय बिघडतंय?"

सोजराबाईनं काडी घेतली आणि जमिनीवर पिंप काढलं. "पाण्याला अडवायचं न्हाई, वाट द्यायची," ती म्हणाली. "माती तेवढी धरायची. म्हणून दाण्याला दाणा सारखा पायजे." चौघी जणी वाकून बघत राहिल्या. मग चाळायला लागल्या.

पाणी हळूहळू यायचं, एका हंड्याला बराच वेळ लागायचा. पण स्वच्छ यायचं. लेकरांचं तरी उकळून द्या, असं ती प्रत्येकीला बजावून सांगायची. पिंपापाशी बायकांची रांग लागायची आणि रांगेत गप्पा व्हायच्या, कारण दुसरं करायला काही नव्हतं.

श्रावणातल्या एका दुपारी अमृतराव काठी टेकत बौद्धवाड्यात आले. एवढ्या वर्षांत ते तिकडं कधी आले नव्हते. टाकीतली वाळू काढून घोळायची वेळ उलटून गेली होती, निरोप पाठवूनही सोजराबाई गेली नव्हती. लिंबाखाली दोन पिंपं एकावर एक ठेवलेली बघून ते थांबले. भोवती फिरले, काठीनं खालचं पिंप ठोकलं.

"मधला थर पातळ वाटतोय," ते म्हणाले.

"बरोबर हाय. बारीक खडी कमी पडली. नदी उतरली की घालते."

"हं." त्यांनी कपाळाचा घाम पुसला. चढ चढून आले होते, दम लागला होता. खालच्या पिंपाखाली हंडा भरत होता. रांगेतल्या एका बाईनं लोटा भरून पुढं केला आणि मग काय केलं ते कळून तिचा हात जागीच अडकला. अमृतरावांनी लोटा घेतला. ओठांना न लावता, वरून धार धरून प्यायले. तसं ते कुठंही पीत, की फक्त इथंच, हे सोजराबाईला सांगता आलं नसतं. पण लोटा त्यांनी रिकामा केला.

"गोड हाय पाणी," ते म्हणाले. मग लोटा परत देत, "टाकीची वाळू घोळायची हाय. कधी येतीस?"

"आठ दिसांनी," सोजराबाई म्हणाली. "आणि एकटी येणार न्हाई मालक. या रांगेतल्या दोघींना आणणार. त्यांना बी शिकवायचं हाय. आत उतरायला एक, वर दोघी. मजुरी तिघींची."

अमृतरावांनी तिच्याकडं पाहिलं, मग रांगेतल्या बायकांकडं. मान हलवली आणि काठी टेकत निघाले. सोजराबाई हंडा सरकवून दुसरा लावायला वाकली. तिच्यामागची बाई म्हणाली, "आधी माझा लाव, मी कवाची उभी हाय."